खान्देशातले मालकीचे जंगल: सातबाऱ्यापासून जाळरेषेपर्यंत

सातपुड्याच्या पायथ्याला, साक्री-पिंपळनेरच्या डोंगरपट्ट्यात आणि चाळीसगावच्या घाटाखाली अशा कितीतरी जमिनी आहेत, ज्या सातबाऱ्यावर 'पोटखराबा' किंवा 'पडीत' म्हणून पडून आहेत आणि प्रत्यक्षात तिथे साग, सालई, धावडा, अंजन उभा आहे. चार भावांचे, दोन-तीन भाऊबंदांचे सलग क्षेत्र धरले तर शंभर एकरांवर जाणारे तुकडेही आहेत. मालकाला वाटते इथे काही होत नाही. खरे तर बहुतेक ठिकाणी जंगल जमिनीखाली शिल्लक असते: तोडलेल्या सागाचे खुंट, दरवर्षी जळून पुन्हा फुटणाऱ्या धावड्याच्या मुळ्या, गुरांनी खुरटवलेला अंजन. म्हणून अशा जमिनीत पहिली पाच वर्षे रोपे लावण्यावर पैसा घालू नका. आग, कुऱ्हाड आणि जनावराचे तोंड या तिघांना बाहेर ठेवण्यावर घाला. हा लेख त्या कामाचा आहे.

आधी थोडा इतिहास, कारण कागद तिथूनच येतात

1818 मध्ये खान्देश कंपनी सरकारकडे गेला. 1860 च्या दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि स्लीपर, इंजिनाचे सरपण, इमारती लाकूड यांची मागणी एकदम वाढली. 1878 च्या वन कायद्यानंतर सातपुड्याचे आणि सह्याद्रीच्या फाट्यांचे मोठे पट्टे राखीव झाले. राखीव हद्दीबाहेर जे उरले, ते गावाचे, इनामाचे किंवा मालकीचे.

खाजगी म्हणावे असे सर्वात मोठे जंगल होते पश्चिम खान्देशातल्या त्या भागात, जो आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. तापीच्या उत्तरेला काठी, सिंगपूर, नाला, गव्हाळी, चिखली अशी मेवासी संस्थाने होती आणि डोंगरातले रान त्यांच्या ताब्यात होते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला या संस्थानांचे मालकी हक्क कायद्याने संपले. तळोद्याच्या वनविभागाचे नाव आजही 'मेवासी' आहे ते त्यामुळेच.

मग आला 1975 चा महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम. 30 ऑगस्ट 1975 या एका तारखेला राज्यातली खाजगी वने सरकारजमा झाली. पुढे कलम 22अ आणून, ज्यांच्याकडे या संपादनानंतर 12 हेक्टरपेक्षा कमी जमीन उरत होती, त्यांना 12 हेक्टरच्या मर्यादेपर्यंत जमीन परत देण्याची सोय झाली. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने जमिनीला मर्यादा घातलेलीच होती; 1975 च्या दुरुस्तीने ती कोरडवाहू जमिनीसाठी कुटुंबामागे 54 एकर झाली. म्हणून एका मालकाचे हजार एकरांचे जंगल आज खान्देशात शोधून सापडणार नाही. मोठे मालकीचे जंगल म्हणजे शेजारी शेजारी असलेल्या अनेक खातेदारांनी एका शिस्तीने राखलेले जंगल. हे ध्यानात ठेवूनच पुढची आखणी करायची.

पायरी पहिली: कागद

जमिनीवर कुदळ पडण्याआधी पाच गोष्टी हातात हव्यात. चालू सातबारा आणि आठ-अ; 1950 च्या दशकापासूनचे सगळे फेरफार; गटाचा नकाशा; भूमी अभिलेखाकडून करून घेतलेली हद्दकायम मोजणी; आणि लागून राखीव वन असेल तर वनविभागाच्या नकाशाशी जुळवलेली हद्द.

सातबाऱ्याचा 'इतर हक्क' हा रकाना भिंग लावून वाचा. तिथे 'खाजगी वन', 'कलम 35', 'राखीव वन', 'महाराष्ट्र शासन' यांपैकी काही लिहिलेले असेल तर आधी वकील, मग काम. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35 खालच्या, म्हणजे खाजगी वनावर सरकारी निर्बंध घालणाऱ्या, जुन्या नोटिशींवरून राज्यभर वाद झाले. 30 जानेवारी 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज आणि बॉइस प्रकरणात निकाल दिला की नोटीस नुसती निघून भागत नाही, ती मालकावर बजावलेली असावी लागते आणि तिच्यावर पुढची कार्यवाही झालेली असावी लागते. आपल्या फेरफारात अशी नोंद असेल तर नोटीस कधी निघाली, बजावली का, सुनावणी झाली का, याचे दप्तर काढा.

नोंद काहीच नसली तरी दाट झाडोरा असलेली जमीन सपाट करून तिथे केळी लावू असे मनात आणू नका. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मालकी कोणाचीही असो, जे प्रत्यक्षात वन आहे त्याला वन संवर्धन कायदा लागू धरला आहे. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेचे कलम 36 आणि 36अ लागते. ती जिल्हाधिकारी किंवा शासनाच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जात नाही, आणि तिच्यावरच्या झाडांच्या विक्रीलाही 1969 चा स्वतंत्र कायदा आहे.

भाऊबंदांत लेखी करार करा. कोणत्या गटात काय चालेल, राखणदाराचा पगार कोण किती देणार, उत्पन्न कसे वाटणार, एकाने गट विकायला काढला तर बाकीच्यांना पहिला अधिकार कसा. हे तोंडी ठेवले की तिसऱ्या वर्षी एका हिश्श्यात गुरे शिरतात आणि बाकीच्यांची मेहनत पाण्यात जाते.

पायरी दुसरी: काय आहे ते मोजा

40 हेक्टर, म्हणजे सुमारे 100 एकरांच्या जंगलासाठी 10 चौकटी पुरतात. प्रत्येक चौकट 31.6 मीटर बाय 31.6 मीटर, म्हणजे 0.1 हेक्टर. सगळ्या मिळून एक हेक्टर, एकूण क्षेत्राच्या अडीच टक्के. चौकटी सोयीच्या जागी टाकू नका. नकाशावर सारख्या अंतराची जाळी आखून जिथे रेघा छेदतात तिथेच टाका, नाहीतर पाय आपोआप चांगल्या झाडांकडे वळतात. चारही कोपऱ्यांना दगड रोवून पांढरा रंग द्या.

आत दोन याद्या करा. पहिली, छातीच्या उंचीवर (जमिनीपासून 1.37 मीटर) 15 सेंमीपेक्षा जास्त घेर असलेली झाडे: जात आणि घेर. उतारावर टेप लावताना झाडाच्या वरच्या बाजूला उभे राहा. दुसरी यादी जास्त महत्त्वाची: जिवंत खुंट, फुटवे आणि रोपे. गवत बाजूला सारून शोधावे लागतात. सागाचा खुरटा फुटवा गवतात वीतभरच दिसतो, पण खालची मूळकांडी मनगटाएवढी असू शकते. ती मूळकांडी हेच तुमचे भांडवल.

चौकटीत असे 40 किंवा जास्त मिळाले, तर हेक्टरी 400 झाले, सरासरी पाच मीटरवर एक. तिथे एकही रोप लावायची गरज नाही. 20 ते 40 असतील तर मोकळ्या जागांतच भर घाला. 20 पेक्षा कमी असतील तर पेरणीचा विचार करा. या आकड्यांवरून जंगलाचे कक्ष पाडा, नाले आणि पायवाटा याच कक्षांच्या हद्दी धरा. चौकोनी कक्ष कागदावर छान दिसतात, डोंगरावर सापडत नाहीत.

पायरी तिसरी: आग

सर्वात जास्त लक्ष इथे द्या, कारण बाकी दहा कामांचे पाणी एका दुपारी होते.

वनविभागाचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. आपल्याकडे खरा धोका होळीपासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत). या काळात चार गोष्टी एकदम येतात: गवत वाळून कोळ झालेले असते, साग-सालईचा पाला खाली पडलेला असतो, मोहाची फुले गळत असतात आणि शेतकरी पऱ्हाट्या, बांधावरचा कचरा जाळत असतात. तेंदूपत्त्याला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही काही ठिकाणी आग लावली जाते.

मोहाची आग कशी पसरते ते नीट समजून घ्या, कारण तिच्यात दुष्टावा नसतो. पहाटे गळलेली फुले वाळल्या पाल्यात दिसत नाहीत, म्हणून वेचणारी बाई झाडाखालचा पाला गोळा करून पेटवते. झाडाखालची जागा स्वच्छ होते, ती घरी जाते. बुंध्याच्या खोबणीतला निखारा तसाच धुमसत राहतो, दहा-अकराला वारा सुटतो आणि आग उताराच्या वरच्या दिशेला लागते. उपाय साधा आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मोहाखाली फांद्यांच्या घेराएवढी जागा आपणच झाडून घ्या आणि पाला घेराबाहेर पसरून टाका. वेचणाऱ्यांना जुन्या साड्या किंवा शेडनेट द्या. ते झाडाखाली अंथरले की फुले मातीत पडत नाहीत, भावही बरा मिळतो. कोणता मोह कोणाचा हे पाड्यात पिढ्यानपिढ्या ठरलेले असते. मालकाने ते मोडू नये. ज्याचे झाड त्याच्याकडे त्या झाडाखालची जबाबदारी द्या.

जाळरेषा, म्हणजे गवत-पाला काढून आग अडवणारा मोकळा पट्टा, अशी करा. बाहेरच्या हद्दीवर 6 मीटर रुंद, राखीव वन किंवा रस्ता लागून असेल तिथे 12 मीटर, आतल्या कक्षांच्या हद्दीवर 3 ते 6 मीटर. 40 हेक्टरच्या वेड्यावाकड्या तुकड्याची हद्द तीनेक किलोमीटर भरते, म्हणजे 6 मीटरने सुमारे 1.8 हेक्टर गवत कापायचे आहे. डिसेंबरात दोन्ही कडांचे गवत कापून मध्ये टाका, जानेवारीत वाळू द्या आणि 15 फेब्रुवारीच्या आत जाळा. लागून राखीव वन असेल तर आधी वनरक्षकाला कळवा. जाळायची वेळ सकाळी दव उतरत असताना किंवा सूर्य कलल्यावर, वारा नसताना. दोन्ही कडांना माणसे, हातात कडुनिंबाच्या किंवा करंजाच्या हिरव्या फांद्या, पाण्याचे ड्रम जवळ. पुढे दर पंधरा दिवसांनी गळलेला पाला झाडून काढावा लागतो. नुसती फेब्रुवारीत केलेली जाळरेषा मार्चअखेर सागाच्या पानांनी भरते आणि आग तिच्यावरून चालत जाते. पाला उडवायचा ब्लोअर असेल तर दोन माणसांत हे काम सहज होते.

उतारावरच्या जाळरेषेच्या खालच्या कडेला हातभर खोल चारी काढा. पेटलेला ओंडका गडगडत रेषा ओलांडतो, हे दरवर्षी होते.

आग लागलीच तर तिच्या तोंडासमोर किंवा उतारावर तिच्या वरच्या बाजूला कधीही उभे राहू नका. जळून गेलेल्या भागातून, मागून आणि बगलेने तिला दाबत पुढे या. वनविभागाला 1926 वर कळवा. विझली म्हणून घरी जाऊ नका. पोकळ सालईचा बुंधा आतून रात्रभर जळतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ठिणग्या फेकतो. चोवीस तास पहारा हवाच.

पायरी चौथी: गुरे, कुऱ्हाड आणि गाव

संपूर्ण हद्दीला गुरेबंद चर खणणे बहुतेकांना परवडत नाही. वर 4 फूट, तळाला 3 फूट, साडेतीन फूट खोल असा चर घेतला तर दर 100 फुटांना सुमारे 35 घनमीटर माती निघते. म्हणून चर फक्त गुरांच्या ठरलेल्या वाटांवर आणि रस्त्याच्या कडेला घ्या. माती आतल्या बाजूला टाका आणि त्या भरावावर सागरगोटा, घायपात, निवडुंग लावा. उतारावर चर सलग नेऊ नका. दर 30-40 फुटांवर हातभर माती तशीच सोडा, नाहीतर पहिल्याच जोरदार पावसात चराचा नाला होतो. बाकी ठिकाणी दगडी गडगा किंवा काट्याचे कुंपण पुरते.

खरे कुंपण म्हणजे गावाशी झालेली बोली. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, आळीपाळीने राखण ठेवली, दंड ठरवले आणि सुमारे 450 हेक्टर जंगल उभे राहिले. पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली. ते गावाचे जंगल आहे, मालकीचे नाही. पण पद्धत मालकालाही तीच लागू पडते, कारण तुमच्या हद्दीबाहेरच्या पाड्यालाही सरपण आणि चारा लागतोच, आणि तो न देता राखलेले रान रात्री तुटते.

बोली अशी असावी. चराई बंद, पण गवत कापून नेता येईल, पोळ्यानंतर, गवताचे बी पडल्यावर, ठरलेल्या कक्षातून. आधी कापले तर पवन्या, मारवेल ही चांगली गवते दोन-तीन वर्षांत हटतात आणि कुसळी पसरते. कुसळीचे माजणे हे जास्त चराईचे आणि आगीचे लक्षण आहे. सरपण म्हणून पडलेले आणि सुकलेले न्यायला मोकळीक, ओल्याला हात नाही. हिवाळ्यात ठेलारींच्या मेंढ्या किंवा काठेवाडी गुरे दरवर्षी ज्या वाटेने जातात ती वाट बंद करू नका. वाटेचा पट्टा आखून द्या आणि मुक्कामाची जागा जंगलाबाहेरच्या शेतात, बसवणीच्या खतासाठी, ठरवून द्या. राखणदार त्याच पाड्यातला ठेवा आणि पगार बाराही महिने द्या. फक्त उन्हाळ्याचा राखणदार हा पावसाळ्यात दुसरीकडे मजुरीला जातो, आणि गुरे कोवळी फूट खातात ती पावसाळ्यातच.

पायरी पाचवी: फुटवे, पेरणी आणि घाणेरी

दुसऱ्या वर्षी खुंटांकडे वळा. सागाच्या एका खुंटाला आठ-दहा फुटवे येतात. त्यातले जमिनीलगत फुटलेले, सरळ असे एक किंवा दोन ठेवून बाकी हिवाळ्यात धारदार कोयत्याने काढा. खुंटाच्या माथ्यावर आलेला फुटवा दिसायला जोमदार असला तरी ठेवू नका. खुंट कुजला की तो वाऱ्याने मुळापासून निखळतो. जुना, फुटलेला, उंच खुंट असेल तर तो जमिनीपासून 15 सेंमीच्या आत, तिरपा, साल न फाटता पुन्हा कापा. पाणी त्यावर थांबता कामा नये. हे काम मार्चच्या आत संपवा.

मोकळ्या जागी काय? मुरमाड, खडकाळ, तापलेल्या उतारावर अंजन. त्याचे मूळ फार लवकर खोल जाते, म्हणून पिशवीतले रोप लावले की मूळ वाकते आणि झाड पुढे खुरटते. बी थेट पेरा. एप्रिल-मेमध्ये झाडाखाली पडलेल्या चपट्या पंखासारख्या शेंगा गोळा करा, बी टोकाला असते. दरवर्षी भरपूर धरत नाही, ज्या वर्षी धरेल त्या वर्षी जास्त गोळा करा. पहिल्या चांगल्या पावसानंतर एका जागी 2-3 शेंगा, 2 ते 3 सेंमी खोल. रोपाचा शेंडा उन्हाळ्यात वाळतो आणि पावसाळ्यात पुन्हा येतो, असे काही वर्षे चालते. वाळले म्हणून उपटू नका. काळ्या, पाणी साचणाऱ्या जमिनीत अंजन लावू नका.

खोल मातीच्या जागी सागाची जडी. अंगठ्याएवढ्या जाडीचे, 15 ते 20 सेंमी मूळ आणि वर 2-3 सेंमी खोड. पहारीने भोक पाडून उभी लावा आणि बाजूची माती टाचेने घट्ट दाबा. आत हवा राहिली की जडी सुकते. सालईची हातभर जाडजूड फांदी मे महिन्यात रोवली तरी लागते. लागवडीत एकटा साग कधीच लावू नका. सागाखाली उघडी पडलेली जमीन पावसात वाहते.

घाणेरी (लँटाना) कापली की चौपट फुटते. जमिनीखाली 3 ते 5 सेंमीवर मुख्य मूळ कुदळीने तोडा, झुडूप उपटून मुळे वर करून तिथेच ठेवा म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. फळे काळी होण्याआधी हे काम झाले पाहिजे. पुढचे दोन-तीन पावसाळे त्याच जागी परत जाऊन रोपे उपटावी लागतात. तेवढी तयारी नसेल तर एका वर्षी थोडेच क्षेत्र घ्या, पण पूर्ण करा.

पायरी सहावी: पाणी

खान्देशच्या मैदानात पाऊस साधारण 600 ते 700 मिमी, आणि तोही थोड्याच दिवसांत कोसळतो. वरून खाली काम करा. नाल्याच्या माथ्याशी दगडी बांध: मधली उंची एक मीटरच्या आत, पाया 30 सेंमी, दोन्ही काठांत अर्धा मीटर घुसवलेला, मधोमध 30 सेंमीची खोलगट जागा म्हणजे पाणी काठ न कापता तिथूनच वाहील. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा. नाल्याचा उतार 10 टक्के असेल तर एक मीटर उंचीच्या बांधांत अंतर 10 मीटर.

उभ्या जंगलात मशीनने सलग समतल चर काढायला निघू नका. मूळकांड्या तुटतात आणि जे वाचवायचे तेच जाते. उघड्या पट्ट्यांत हाताने, तुटक चर घ्या: 3 ते 4 मीटर लांब, 60 सेंमी रुंद, 30 ते 45 सेंमी खोल, झाडापासून दोन मीटर दूर.

पायरी सातवी: उत्पन्न आणि तोड

लाकूड हे शेवटचे उत्पन्न. त्याआधी गवत, मोहफुले, चारोळी, सीताफळ, धावड्याचा डिंक, सालईचा डिंक, बांबू. डिंकासाठी 90 सेंमीपेक्षा कमी घेराच्या सालईला हात लावू नका आणि घाव लाकडापर्यंत जाऊ देऊ नका. तेंदूपाने विकायची असतील तर हंगामाआधी वनविभागाकडे उत्पादक म्हणून नोंदणीची चौकशी करा.

2017 च्या दुरुस्तीने बांबू वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे वनक्षेत्राबाहेरच्या मालकीच्या जमिनीवरचा बांबू तोडायला आता जुना त्रास नाही. मानवेल जातीच्या बांबूच्या बेटातून पावसाळ्यात काहीही काढू नका. दोन वर्षांआतली काठी तोडू नका. कडेच्या नव्या काठ्या ठेवून आतल्या जुन्या काढा, बेटात निदान आठ काठ्या राहू द्या. काप जमिनीलगतच्या पेराच्या लगेच वर, तिरपा न करता सपाट घ्या आणि खाली पेला राहू देऊ नका. त्यात पाणी साचून बेट कुजते.

झाड तोडायचे असेल तर 1964 चा वृक्षतोड (विनियमन) अधिनियम. साग, खैर, मोह, अंजन, तिवस, हळदू, बिबळा, ऐन, चिंच, आंबा, जांभूळ, हिरडा, चंदन अशा कायद्याच्या अनुसूचीतल्या झाडांच्या तोडीला परवानगी लागतेच. क्रम असा: वनपरिक्षेत्र कार्यालयात सातबारा, नकाशा आणि हद्दीच्या दाखल्यासह अर्ज, पाहणी आणि झाडांवर खूण, परवानगी, तोड, मोजमाप आणि ओंडक्यांवर हातोड्याचा शिक्का, वाहतूक पास. पासाशिवाय गाडी रस्त्यावर आली तर माल आणि गाडी दोन्ही अडकतात. 'सगळे आमच्यावर सोडा' म्हणणाऱ्या ठेकेदाराच्या कोऱ्या अर्जावर सही करू नका. शंभर झाडांच्या परवान्यावर दीडशे तुटली तर गुन्हा मालकावर येतो.

सगळे जुने, पोकळ, वाळके झाड मात्र 'साफ' करू नका. हेक्टरी चार-पाच ढोलीवाली झाडे राहू द्या. रानपिंगळा हे लहान घुबड 1884 नंतर कोणाला खात्रीने मिळाले नव्हते. ते 113 वर्षांनी, नोव्हेंबर 1997 मध्ये, शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडले. ते ढोलीत घर करते आणि विरळ, पानगळीच्या रानात राहते, म्हणजे नेमक्या अशाच जंगलात.

वही

एकच जाड वही ठेवा आणि तिच्यात चारच रकाने: पाऊस, आग, तोड, येणे-जाणे. आगीची नोंद करताना तारीख, वेळ, कुठून सुरू झाली, वारा कुठला, किती क्षेत्र गेले, एवढे लिहाच. तीन वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्या की बहुतेक आगी दोनच वाटांवरून आणि ठरावीक आठवड्यांत आलेल्या दिसतात. पुढच्या वर्षीचे दोन जादा राखणदार त्या दोन वाटांवर, त्याच आठवड्यांत उभे करा. दहा चौकटींची मोजणी दर पाच वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच दगडांमध्ये करा. पांढरा रंग दोन पावसाळ्यांत उडतो, तो दिवाळीनंतर दरवर्षी पुन्हा द्या.